गिअरबॉक्स उतरवण्याआधी

लहान पेट्रोल गाडीची क्लचप्लेट जेवणाच्या ताटाएवढीसुद्धा भरत नाही. प्लेट, प्रेशर प्लेट आणि रिलीज बेअरिंग असा पूर्ण सेट चांगल्या कंपनीचा घेतला, तरी साधारण तीन ते सहा हजारांत मिळतो. मात्र तिथवर पोचायला बॅटरी, एअर फिल्टर, स्टार्टर, दोन्ही ड्राइव्हशाफ्ट, गिअरच्या केबली आणि शेवटी अख्खा गिअरबॉक्स खाली घ्यावा लागतो. मेकॅनिकचा अर्धा-पाऊण दिवस त्यातच जातो. एवढं करून दोष भलतीकडेच निघाला, तरी मजुरी द्यावीच लागते. बरं, गिअरबॉक्स उतरवल्यावर ‘क्लच तर चांगला होता’ असं मालकाला सांगणारा माणूस विरळाच. सेट बदलला जातो, बिल होतं, आणि आठवड्याभरात गाडी पुन्हा तशीच थरथरायला लागते. म्हणून जुन्या गाडीच्या बाबतीत खरा प्रश्न असा आहे: दोष क्लचमध्येच आहे हे गाडी उघडण्याआधी कोण ठरवतं, कशावरून ठरवतं आणि त्या ठरवण्याचे पैसे कुणाला मिळतात का?

या प्रश्नासाठी कोवलम हे गाव चांगलं आहे. केरळातलं नव्हे, चेन्नईच्या दक्षिणेला महाबलीपुरमच्या वाटेवर समुद्रालगत असलेलं. इथून ईस्ट कोस्ट रोड (ईसीआर) जातो आणि आत वळलं की केळंबाक्कममार्गे ओल्ड महाबलीपुरम रोडला (ओएमआर), म्हणजे सिरुसेरीच्या आयटी पार्ककडे जाता येतं. पुण्या-मुंबईहून नोकरीसाठी आलेली बरीच मराठी कुटुंबं या पट्ट्यात राहतात आणि त्यातल्या अनेकांच्या गाड्या अजून एमएच पासिंगच्या असतात. इथे क्लच दोन अगदी उलट कारणांनी बिघडतो आणि दोन्ही मालक गॅरेजमध्ये येऊन एकच वाक्य बोलतात: क्लच गेला वाटतं.

पहिली गाडी रोज ओएमआरवर जाणारी. मेट्रोच्या दुसऱ्या टप्प्याचं काम या रस्त्यावर वर्षानुवर्षं चालू आहे. पहिला, दुसरा, पुन्हा पहिला, पाय कायम हाफ क्लचवर. फ्लायव्हील आणि प्रेशर प्लेट यांच्या मध्ये दाबली जाणारी ही घर्षणाची चकती प्रत्येक उचलीला थोडी घासते. पूर्ण पकडली की घासणं थांबतं, पूर्ण सुटली की थांबतं. झीज होते ती मधल्या अवस्थेत. म्हणून एकाच मॉडेलचा क्लच एकाला दीड लाख किलोमीटर जातो आणि दुसऱ्याचा पन्नास हजारांत संपतो. ओडोमीटरवरून क्लचचं वय काढता येत नाही.

दुसरी गाडी समुद्रासमोरच्या इमारतीखाली आठवडेच्या आठवडे उभी राहणारी. तिची प्लेट झिजतच नाही, गंजतं ते तिच्या आजूबाजूचं लोखंड. क्लचप्लेट गिअरबॉक्सच्या शाफ्टवरच्या खाचांवर पुढे-मागे सरकते, तेव्हाच ती फ्लायव्हीलपासून सुटी होते. खाऱ्या हवेत त्या खाचांवर गंज धरला की पेडल पूर्ण दाबूनही प्लेट फ्लायव्हीलला चिकटून राहते. केळंबाक्कम रस्त्यावरच्या एका गॅरेजात अशी उतरवलेली गाडी मी जवळून पाहिली आहे. पुणे पासिंगची, चौदा वर्षांची हॅचबॅक. फ्लायव्हीलवर प्लेटच्या आकाराचं तपकिरी कडं उमटलेलं, शाफ्टच्या खाचा विटकरी पडलेल्या, आणि प्लेटवरचं लायनिंग मात्र जवळपास नव्यासारखं जाड. रिव्हेटची डोकी खोल आत. आधीच्या गॅरेजने मालकाला ‘प्लेट जळाली’ असं सांगितलं होतं. जळालेली प्लेट पकड सोडून देते. हिची पकड सुटतच नव्हती. या दोन तक्रारींतला फरक गाडी न उघडता, बसल्या जागी पाच मिनिटांत कळण्यासारखा होता.

चेन्नईत तिसरं कारण पुराचं. डिसेंबर 2015 मध्ये आणि नंतर डिसेंबर 2023 मध्ये मिचाँग चक्रीवादळाच्या वेळी शहरात आणि उपनगरांत असंख्य गाड्या पाण्यात उभ्या राहिल्या. क्लच ज्या घरात बसतो ते बेलहाउसिंग पाणबंद नसतं. पाणी आत जातं, ओसरतं आणि ओली प्लेट फ्लायव्हीलला गंजून चिकटते. मुंबईने 26 जुलै 2005 नंतर हेच पाहिलं. अशा गाडीचं इंजिन चालू होतं, पण गिअर पडत नाही. इथे घाई करू नये. पुरातलं नुकसान पॅकेज विम्यात बसतं, पण सर्व्हेअरने पाहण्याआधी गाडी खोलली की दावा लंगडा होतो.

आता निदान. माझं ठाम मत आहे की मालकाला यातल्या चार गोष्टी स्वतः तपासता आल्याच पाहिजेत, कारण त्यांना हत्यार लागत नाही आणि गॅरेजात काय सांगायचं ते त्यावर ठरतं.

सगळ्यात महत्त्वाची स्लिप. मोकळ्या रस्त्यावर, ईसीआरवर पहाटे ही सोय आहे, चौथ्या किंवा पाचव्या गिअरमध्ये पन्नासच्या आसपास वेग ठेवून एकदम ॲक्सिलरेटर दाबायचा. आरपीएमचा काटा झपकन वर गेला आणि वेग मागे राहिला, तर क्लच स्लिप मारतोय. काटा आणि वेग दोन्ही सुस्तच राहिले, तर क्लचला दोष देऊ नका; इंजिन ओढत नाही. चोंदलेला फिल्टर, डिझेलमध्ये टर्बोचा फुटलेला पाइप, अडकलेला ब्रेक, यांपैकी काहीही असू शकतं. ‘पिकअप नाही’ एवढंच सांगून क्लच बदलून घेणारे लोक इथेच फसतात. आणखी एक परीक्षा मेकॅनिक करतात: हँडब्रेक ओढून, ब्रेक दाबून, तिसऱ्या गिअरमध्ये क्लच हळूहळू सोडायचा. निरोगी क्लच इंजिन लगेच बंद पाडतो. इंजिन फिरतच राहिलं तर पकड गेली. हे एकदाच करायचं, पुढे मोकळी जागा ठेवून. पुन्हा पुन्हा केलं तर चांगली प्लेटही जळेल.

याच्या उलट, क्लच न सुटणं. पेडल तळापर्यंत दाबा, दोन-तीन सेकंद थांबा आणि रिव्हर्स टाका. बहुतेक साध्या गाड्यांत रिव्हर्सला सिंक्रोनायझर नसतो, त्यामुळे शाफ्ट अजून फिरत असेल तर दात करकरतात. पहिला गिअर टाकून पेडल पूर्ण दाबलं असताना गाडी पुढे सरकू पाहत असेल, तर शंका उरत नाही. पण कारण प्लेटच असेल असं नाही. केबलच्या गाडीत केबल ताणली गेली असेल किंवा तिच्या तारा तुटत आल्या असतील. हायड्रॉलिक गाडीत मास्टर किंवा स्लेव्ह सिलिंडर गळत असेल, लाइनमध्ये हवा शिरली असेल. पेडल पंपासारखं दोन-चारदा दाबल्यावर गिअर नीट पडायला लागला, तर दोष बहुतेक हायड्रॉलिकचा. हायड्रॉलिक क्लचमध्येही ब्रेक फ्लुइडच असतं, आणि ते हवेतला ओलावा ओढतं. कोवलमसारख्या दमट किनाऱ्यावर ते दोन वर्षांनी बदलायला हवं, आणि बहुसंख्य जुन्या गाड्यांत ते कधीच बदललेलं नसतं. बाहेरून लावलेला स्लेव्ह सिलिंडर गिअरबॉक्स न उतरवता बदलता येतो. काही गाड्यांत मात्र तो रिलीज बेअरिंगसह शाफ्टभोवतीच बसवलेला असतो, आणि मग गळती छोटी असूनही काम मोठं होतं. आपल्या गाडीत कोणता आहे, हे एस्टिमेटच्या आधी विचारून घ्यावं.

आवाजाचं गणित सोपं आहे. न्यूट्रलमध्ये इंजिन चालू ठेवा. पेडल दाबल्यावर घरघर सुरू होत असेल तर रिलीज बेअरिंग. पेडल सोडलेलं असताना आवाज येऊन दाबल्यावर थांबत असेल तर गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टचं बेअरिंग. दुसऱ्या प्रकारात क्लच सेट बदलून आवाज तसूभरही कमी होत नाही.

सर्वात फसवी थरथर. उचलताना गाडी हादरते म्हणून किती निर्दोष क्लच उतरवले गेले असतील! जुन्या गाडीत इंजिनचं माउंटिंग, म्हणजे ज्या रबरावर इंजिन टेकलेलं असतं ते, फाटलेलं किंवा बसलेलं असतं आणि लक्षण अगदी तेच दिसतं. एकाने बॉनेट उघडून बाजूला उभं राहायचं, दुसऱ्याने ब्रेक दाबून क्लच किंचित सोडायचा. इंजिन उसळी मारताना दिसलं तर आधी माउंटिंग. तेही ठीक असेल, तर प्लेटवर तेल आलंय का ते बघायचं. क्रँकच्या मागच्या सीलमधून इंजिन ऑइल किंवा इनपुट शाफ्टच्या सीलमधून गिअर ऑइल बेलहाउसिंगच्या तळाशी ओघळतं. खाली वाकून हात फिरवला तरी कळतं. तेल दिसलं आणि कुणी फक्त प्लेट बदलायला निघाला, तर त्याला थांबवा.

पेडलची भाषाही ऐकण्यासारखी आहे. मारुती 800 किंवा अल्टोसारख्या केबलच्या गाडीत लायनिंग झिजत जाईल तसा पेडलचा फ्री प्ले कमी होतो आणि क्लच वर पकडायला लागतो. नटाने तो जुळवून पुढची काही हजार किलोमीटर सहज काढता येतात. असं पाच मिनिटांचं काम करून पैसे न घेता परत पाठवणारे मेकॅनिक मी पाहिले आहेत. त्यांचे नंबर जपून ठेवावेत. हायड्रॉलिक क्लच झीज स्वतःच सावरून घेतो, म्हणून तिथे पेडल फारसा इशारा देत नाही आणि स्लिप अचानक आल्यासारखी वाटते.

एएमटी, म्हणजे ऑटोमेटेड मॅन्युअल ट्रान्समिशनच्या गाड्यांच्या मालकांचा एक गैरसमज इथेच दूर करायला हवा. भारतात 2014 मध्ये सेलेरिओपासून या गाड्या लोकप्रिय झाल्या. तिसरं पेडल नाही म्हणून क्लच नाही असं नसतं. आत तीच कोरडी प्लेट असते, फक्त पायाऐवजी ॲक्चुएटर तिला दाबतो. चढावर ॲक्सिलरेटरने गाडी धरून ठेवली की ती तशीच जळते. या गाड्यांत स्कॅनर लावल्याशिवाय निदान करूच नये. कधी नुसतं क्लचचं लर्निंग पुन्हा करून भागतं, कधी ॲक्चुएटर गेलेला असतो आणि त्याची किंमत सेटच्या कितीतरी पट असते.

ड्युअल क्लचच्या गाड्यांनी तर निदानाचा प्रश्न जगभर कोर्टात नेला. ऑस्ट्रेलियात फोर्डच्या पॉवरशिफ्ट गिअरबॉक्सबद्दल हजारो ग्राहकांनी थरथरीची तक्रार केली, आणि कंपनीने अनेकांना तो त्यांच्या गाडी चालवण्याच्या पद्धतीचा परिणाम असल्याचं सांगितलं. ग्राहक आयोगाच्या खटल्यात तिथल्या फेडरल कोर्टाने 2018 मध्ये फोर्डला 1 कोटी ऑस्ट्रेलियन डॉलरचा दंड केला. ‘तुम्ही हाफ क्लचवर चालवता’ हे वाक्य आपल्याकडे प्रत्येक सर्व्हिस सेंटरच्या काउंटरवर ऐकू येतं. ते अनेकदा खरंही असतं. पण ते आरोप म्हणून पुरेसं नाही. प्लेट काढून दाखवल्यावरच त्याला अर्थ येतो.

म्हणून काम सुरू झाल्यावर मालकाने एकदा तरी गॅरेजात उभं राहावं. गिअरबॉक्स खाली आला की सगळं डोळ्यांना दिसतं. लायनिंग रिव्हेटच्या डोक्यापासून अर्ध्या मिलिमीटरच्या आत आलं असेल तर प्लेट संपली. पृष्ठभाग काचेसारखा चकाकत असेल तर ती तापून गुळगुळीत झाली आहे. फ्लायव्हीलवर निळे-जांभळे डाग म्हणजे अति उष्णता. बारीक चिरा असतील तर त्यावर नवी प्लेट चढवणं म्हणजे थरथर विकत घेणं. डाग उथळ असतील तर लेथवर फेसिंग करून घ्यावं. नुसता एमरी पेपर फिरवणं पुरत नाही. प्रेशर प्लेटच्या स्प्रिंगची बोटं एका पातळीत आहेत का, रिलीज फोर्कचं बुश सैल आहे का, हेही तेव्हाच बघायचं. क्रँकचं मागचं सील आणि इनपुट शाफ्टचं सील काही शेकड्यांत येतं. जुन्या गाडीत ती तेव्हाच बदलायची, कारण पुढच्या वेळी त्यांच्यापर्यंत पोचायला हीच मजुरी पुन्हा मोजावी लागेल. मघाच्या चौदा वर्षांच्या गाडीत लायनिंग चांगलं असूनही मालकाने पूर्ण सेट टाकला. मला तो निर्णय बरोबर वाटतो. फक्त तो खरं कारण कळल्यावर झाला, आणि शाफ्टच्या खाचा घासून, बेताचं ग्रीस लावून मगच नवी प्लेट चढली. आधीच्या निदानावर विसंबून काम झालं असतं तर त्याच गंजावर ती बसली असती.

आणि तिथे उभं असताना कुणी कंप्रेसरच्या हवेने बेलहाउसिंगमधली काळी धूळ उडवायला लागला, तर लांब व्हा आणि त्यालाही थांबवा. भारतात ॲस्बेस्टॉसच्या वापरावर सरसकट बंदी नाही; स्वस्त किंवा पुन्हा लायनर मारलेल्या प्लेटमध्ये ते असू शकतं. ओल्या फडक्याने पुसणं हा यावर साधा उपाय आहे आणि त्याला पैसे लागत नाहीत. दिवसभर ती धूळ श्वासात घेणारी पोरं सोळा-सतरा वर्षांची असतात, याचं मला फार वाईट वाटतं.

पैशांकडे वळू. लहान पेट्रोल गाडीचं पूर्ण काम बाहेरच्या गॅरेजात साधारण सहा ते दहा हजारांत बसतं, कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमध्ये त्याहून बरंच वर जातं. डिझेल गाडीत ड्युअल मास फ्लायव्हील असेल तर हिशेबच बदलतो. हे फ्लायव्हील दोन भागांचं, मध्ये स्प्रिंगा असलेलं असतं. डिझेलचे हादरे ते गिळतं आणि स्वतः झिजतं. त्यासह काम चाळीस-पन्नास हजारांच्या पुढे, मोठ्या एसयूव्हीत लाखापर्यंत जातं. त्याला लेथवर घालता येत नाही. इंजिन बंद करताना खडखड येत असेल, तर तो आवाज एस्टिमेटच्या आधी मेकॅनिकला ऐकवा.

वस्तू कुठून घ्यायची? चेन्नईत जनरल पॅटर्स रोडवर नवे सुटे भाग मिळतात आणि पुदुपेटला मोडीतल्या गाड्यांचे. पुण्यात हीच चौकशी नाना पेठेत होते. जुना गिअरबॉक्स पुदुपेटहून आणणं समजू शकतो, जुना क्लच कधीही नाही. ज्या भागाची मजुरी त्याच्या किमतीएवढी आहे, तिथे अर्धं आयुष्य विकत घेणं परवडत नाही. क्लच बनवणारे कारखाने आपल्या ओळखीच्याच गावांत आहेत: चेन्नईत अमल्गमेशन्स समूहाचा व्हालेओबरोबरचा, आणि छत्रपती संभाजीनगरात एक्सेडीचा, जो तिथल्या जुन्या लोकांना सीके डायकिन या पूर्वीच्या नावाने माहीत आहे. गाडी कंपन्यांना माल देणारे असे उत्पादक तो आपल्या नावाच्या खोक्यातही विकतात, आणि तो सहसा गाडी कंपनीच्या खोक्यापेक्षा स्वस्त पडतो. 22 सप्टेंबर 2025 पासून वाहनांच्या सुट्या भागांवर सरसकट 18 टक्के जीएसटी झाला. त्याआधी क्लचच्या भागांवर 28 टक्के होता. जुन्या दरपत्रकावर बिल लावलंय का, ते बघून घ्या.

भाग बाहेरून घेऊन बाहेरच्या गॅरेजात बसवून घेण्याचं हे स्वातंत्र्य सहज मिळालेलं नाही. सुटे भाग आणि निदानाची साधनं फक्त आपल्या डीलरांपुरती ठेवल्याबद्दल भारतीय स्पर्धा आयोगाने 25 ऑगस्ट 2014 रोजी चौदा कार कंपन्यांना मिळून 2,544.65 कोटी रुपयांचा दंड ठोठावला. भाग आणि माहिती बाहेरच्या गॅरेजांना द्यावी, आणि बाहेर काम केलं म्हणून सरसकट वॉरंटी रद्द करू नये, असंही बजावलं. कंपन्या अपिलात गेल्या, काहींचा दंड नंतर कमी झाला. डिसेंबर 2022 मध्ये केंद्राने ‘राइट टू रिपेअर’चं पोर्टल सुरू केलं, त्यात वाहनं आहेत. चेन्नईला हा विषय घरचा आहे. मरैमलै नगरच्या कारखान्यातून फोर्डची शेवटची गाडी 2022 मध्ये बाहेर पडली, आणि त्या गाड्या या शहरात आजही हजारोंनी धावतात. कंपनीने सुटे भाग पुरवत राहण्याचं आश्वासन दिलं असलं, तरी उत्पादन बंद झालेल्या गाडीचा मालक शेवटी बाहेरच्या मेकॅनिकच्या ज्ञानावरच उभा असतो. ते ज्ञान कुलुपात ठेवणं अन्यायाचं आहे.

विम्याची आशा धरू नये. पॅकेज पॉलिसी झीज आणि यांत्रिक बिघाड वगळते. अपघातात क्लच तुटला तर मिळतं, पण तेही घसारा कापून: धातूच्या भागांवर पाच ते दहा वर्षांच्या गाडीला 40 टक्के, दहाच्या वर 50 टक्के.

मग मूळ प्रश्न. आपल्याकडे बहुतेक बाहेरच्या गॅरेजांत निदान फुकट असतं, आणि म्हणूनच ते महाग पडतं. ज्या मेकॅनिकने तासभर गाडी चालवून, खाली वाकून ‘क्लच ठीक आहे, माउंटिंग बदला’ असं सांगितलं, त्याला त्या दिवशी मिळतात माउंटिंगचे दोनशे रुपये. ज्याने न बघता क्लच उतरवला, त्याला मिळते मजुरी आणि भागांवरची कमाई. व्यवस्थाच प्रामाणिक माणसाला उपाशी ठेवते. मालकाने आपणहून म्हणावं: निदानाचे पाचशे-हजार वेगळे घ्या, काय तपासलं ते कागदावर लिहून द्या, काम तुमच्याकडेच करीन किंवा करणार नाही. कोवलमच्या पट्ट्यात मराठी मालकाला भाषेचीही अडचण असते, तेव्हा तर हा कागद जास्तच हवा. स्लिप, बेअरिंग, ऑइल सील हे शब्द तमिळ मेकॅनिकलाही तेच आहेत. जुने भाग परत मागा, बिलावर पार्ट नंबर लिहून घ्या, मजुरी आणि माल वेगळे मांडायला सांगा. वाद झाला तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन 1915 आहे आणि जिल्हा ग्राहक आयोगात जायला दोन वर्षांची मुदत आहे; पण तिथे तोंडी बोलणं टिकत नाही.

खर्च करावा की गाडी काढावी, याचं उत्तर निव्वळ क्लचवरून देऊ नये. लहान पेट्रोल गाडीचं इंजिन ठीक आणि सांगाडा गंजलेला नसेल, तर क्लचसाठी ती मोडीत काढणं चूक आहे. स्लिप मारणारी गाडी विकायला गेलं तर घेणारा दुरुस्तीच्या खर्चापेक्षा जास्तच किंमत पाडतो. समुद्रकाठच्या गाडीत मात्र आधी लिफ्टवर चढवून सबफ्रेम आणि तळ बघा. तिथे बोट घुसत असेल तर नवा क्लच टाकू नका. ड्युअल मास फ्लायव्हीलची बारा वर्षांची डिझेल असेल तर आरसीवर किती वर्षं उरली ते पाहा. पंधरा वर्षांनंतर कारच्या पुनर्नोंदणीची फीच 5,000 रुपये आहे, शिवाय फिटनेस तपासणी. आणि एमएच पासिंगची गाडी तमिळनाडूत बारा महिन्यांहून जास्त ठेवायची तर मोटर वाहन कायद्याच्या कलम 47 प्रमाणे इथला नंबर घ्यावा लागतो: मूळ आरटीओची एनओसी, इथला कर, मग महाराष्ट्रातल्या कराच्या परताव्यासाठी अर्ज. हे सगळे आकडे क्लचच्या एस्टिमेटशेजारी एकाच कागदावर लिहावेत.

काम झाल्यावर गाडी ताब्यात घेताना मेकॅनिकला शेजारी बसवून ट्रायल मारा. रिव्हर्स न करकरता पडला पाहिजे, पेडल मधल्या उंचीवर पकडलं पाहिजे, उचलताना हादरा नको. पहिले काही शे किलोमीटर नवं लायनिंग बसेपर्यंत चढावर भरलेली गाडी ओढू नका. आठवड्याने गाडीखाली पुठ्ठा टाकून रात्रभर ठेवा आणि बेलहाउसिंगखाली तेलाचा थेंब पडलाय का ते सकाळी पाहा. पडला असेल तर बिल घेऊन त्याच दिवशी गॅरेज गाठा.